आवाज आला की माघारी

चिंचखोरी नावाच्या गावात म्हाळू नावाचा एक भोळा गडी राहत होता. राहत होता म्हणजे अजूनही राहतो, पण सध्या घरी नाही. का नाही, तेच सांगायला बसलोय.

म्हाळू आळशी नव्हता. वाईट नव्हता. विसराळू तर अजिबात नव्हता. एकदा सांगितलेली गोष्ट तो जन्मभर ध्यानात ठेवायचा, आणि तेच त्याचं दुखणं होतं. बायको म्हणाली, "दुधावर लक्ष ठेवा," की हा चुलीसमोर बसून दुधावर लक्ष ठेवायचा. दूध वर यायचं, उतू जायचं, चूल विझायची. मग म्हाळू हाक मारायचा, "ठकू, सगळं बघितलं गं. आधी उजवीकडनं गेलं."

ठकू ही त्याची बायको. बाई हाताला चलाख आणि तोंडाला त्याहून चलाख. तिचं माहेर बोरबन. बोरबनला वैशाखात भैरोबाची जत्रा भरते. दोन वर्षं ठकूची जत्रा चुकली होती. एका वर्षी तिला ताप आला, एका वर्षी म्हाळूची आई पडून पाय मोडून बसली. यंदा आईचा निरोप आला होता, "पोरी, यंदा तरी ये. पाळण्यात दोघी बसू. एकटीनं बसायचं आता भ्या वाटतं मला." निरोप ऐकून ठकू पदरानं डोळे पुसत हसली. म्हणाली, "आता आभाळ कोसळलं तरी जाणार."

आभाळ कोसळलं नाही. सायकल बिघडली.

आता बोरबनला एसटी जात नाही. रस्ता आहे, पण एसटीला तो आजवर दिसलेला नाही. जायचं ते सायकलीवर, म्हाळू पुढं आणि ठकू मागं कॅरिअरवर. ही सायकल म्हाळूच्या सासऱ्यांनी, म्हणजे नानांनी, लग्नात दिलेली. काळी, उंच, चामड्याची सीट, पितळेची घंटी. जुनी झाल्यापासून ती चालताना 'कुईं' करायची. एक पायडल मारलं की एक कुईं. म्हाळू वेशीपाशी आला की घरात ठकू तव्यावर भाकरी टाकायची, इतका तो आवाज पक्का होता. पण आता मागचं चाक सकाळी भरलं की दुपारी बसायचं. चेन शंभर पावलांवर पडायची. आणि कुईं एवढा वाढला होता की वाटेवरच्या म्हशी पान्हा चोरायला लागल्या होत्या.

गावात गणू मिस्त्री होता तोवर चिंता नव्हती. पण तो लेकाकडं पुण्याला गेला, हत्यारांच्या पेटीसकट. आता मिस्त्री बघायचा तर दोन कोसांवर, रुईपेठेत. तिथं चार मिस्त्री होते, आणि त्या चौघांबद्दल चिंचखोरीत चारशे गोष्टी होत्या. कुणाचा नवा टायर गेला आणि जुना आला. कुणाची सायकल काळी गेली आणि हिरवी आली. खरं खोटं भैरोबाला माहीत.

जत्रा रविवारी होती. ठकूला आठवडाभर भुईमूग काढायचा होता, तिला हलता येत नव्हतं. म्हणून सोमवारी सकाळी तिनं म्हाळूला समोर बसवलं.

"हे बघा. मिस्त्री लोक पार्ट बदलत्यात. काय बी झालं तरी सायकल हातातनं सोडायची न्हाई. ध्यानात ठेवा."

"ठेवतो," म्हाळू म्हणाला. आणि त्यानं ठेवलं.

रुईपेठेत स्टँडसमोर सर्जेराव मिस्त्रीचं दुकान होतं. म्हाळू सायकल धरून उभा राहिला.

"ठेव तिथं," सर्जेराव म्हणाला.

"न्हाई."

"मग मी काम कसं करू?"

"करा की. मी फकस्त सोडत न्हाई."

सर्जेरावनं सायकल उचलली आणि रिवाजाप्रमाणं उलटी केली. सीट आणि हँडल खाली, चाकं वर. म्हाळूनं हँडल सोडलं नव्हतं, त्यामुळं म्हाळूही खाली गेला. उताणा पडला, दोन्ही हात हँडलला, तोंडावर पायडल.

"अरे, नाकाला लागंल."

"लागू द्या."

सर्जेरावनं पायडल फिरवलं. लागलं. मग त्यानं तेल सोडलं. अर्धं चेनीवर पडलं, अर्धं म्हाळूच्या कानात गेलं. तेवढ्यात स्टँडवरची माणसं धावली. एसटीचा ड्रायव्हर गाडी चालू ठेवून खाली उतरला. एक म्हातारी गर्दीतून वाट काढत आली, म्हणाली, "कुणाचा गं बाई लेक सायकलीखाली आला!" आणि तिनं म्हाळूच्या तोंडात पाणी घातलं. दुसरीनं रडायला सुरुवात केली. सर्जेरावचं दुकान त्या गर्दीत दिसेनासं झालं.

"घेऊन जा बाबा ती सायकल," सर्जेरावनं हात जोडले. "लोकांना वाटाय लागलंय मी मारला तुला."

घरी आल्यावर ठकूनं त्याच्या कानातलं तेल बघितलं. सगळी हकिकत ऐकली.

"अवं, हात सोडायचा असतो! सोडायची न्हाई ती नजर. मिस्त्रीवर नजर ठेवायची. पापणी लवली की पार्ट गेला म्हणून समजा. पुढच्या खेपेला ध्यानात ठेवा."

"ठेवतो," म्हाळू म्हणाला. आणि त्यानं ठेवलं.

मंगळवारी तो शाळेमागच्या चंदर मिस्त्रीकडं गेला. हात सोडले. सायकल भिंतीला लावली, आणि चंदरपुढं वीतभर अंतरावर बसून त्याच्या तोंडाकडं बघायला लागला.

चंदरनं पाना उचलला. वर बघितलं. दोन डोळे. पाना ठेवला, हातोडी उचलली. वर बघितलं. दोन डोळे. तिसऱ्या वेळी हातोडी अंगठ्यावर बसली.

"काय पायजे रे तुला?"

"काय न्हाई. नजर ठेवतोय."

चंदर वैतागून चहाला गेला. म्हाळू मागं गेला. चंदर घरी जेवायला गेला. म्हाळू ताटासमोर बसला. चंदरच्या बायकोला वाटलं, पाहुणे असतील. तिनं म्हाळूलाही वाढलं. म्हाळू चंदरवरची नजर न काढता जेवला. भाकरी आमटीत बुडवायची ती त्यानं तांब्यात बुडवली, पण तक्रार केली नाही. मग चंदर टमरेल घेऊन ओढ्याकडं निघाला. म्हाळूही निघाला. पुढचं सांगत नाही, पोरंबाळं ऐकतायत. एवढंच सांगतो, की चंदर जसा गेला तसाच माघारी आला.

इकडं दुकानापुढं सायकल एकटी होती. एक शेळी आली. तिनं चामड्याची सीट हुंगली, चाटली आणि एका कडेनं कुरतडून ठेवली. तिच्यावर नजर ठेवायला कुणी सांगितलं नव्हतं.

"घेऊन जा ती सायकल," चंदर म्हणाला. "आन माझ्याकडं बघू नको. जाताना पाठ करून जा."

म्हाळू पाठ करून गेला. चंदरकडं पाठ, म्हणजे सरळच गेला. त्या दिवसातली तेवढी एक गोष्ट नीट झाली.

ठकूनं कुरतडलेली सीट बघितली आणि डोक्याला हात लावला. "मिस्त्रीकडं काय बघता, त्याला शिंगं हायत काय? बघायचं सायकलीकडं! आन असं दिसंल त्या मिस्त्रीकडं जायचंच कशाला? आधी चार माणसांना विचारावं, मिस्त्री कसा हाय. चौघं बरा म्हणाले, तर सायकल टाकावी. पुढच्या खेपेला ध्यानात ठेवा."

"ठेवतो. चार माणसं आन सायकलीकडं बघायचं."

"हां."

बुधवारी म्हाळू गिरणीशेजारच्या बाजीबा मिस्त्रीकडं पोचला. आणि त्यानं पहिल्यांदा समोर बसलेल्या बाजीबालाच विचारलं, "का वो, बाजीबा मिस्त्री माणूस कसा हाय?"

बाजीबानं त्याला खालून वरून बघितलं. "लई चांगला," तो म्हणाला.

एक झाला. दाराशी बाजीबाची आई शेंगा फोडत बसली होती. म्हाळूनं तिला विचारलं. "माझा लेक? सोन्यासारखा," म्हातारी म्हणाली. दोन झाले. आतून बाजीबाची बायको पाणी घेऊन आली. तिला विचारलं. तिनं नवऱ्याकडं बघितलं, नवऱ्यानं तिच्याकडं बघितलं. "हाय बरा," ती म्हणाली आणि आत गेली. तीन झाले. चौथं माणूस काही दिसेना. म्हाळूनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. शेवटी स्वतःलाच विचारलं, "काय म्हाळू, तुला कसा वाटतो?"

"मला बरा वाटतो," म्हाळू म्हणाला.

चार झाले. त्यानं सायकल टाकली आणि सायकलीकडं बघत बसला.

संध्याकाळी सायकल घरी आली. पितळी घंटीच्या जागी पत्र्याची घंटी होती. कुरतडलेल्या चामड्याच्या सीटच्या जागी फाटलेली प्लास्टिकची सीट होती. कुईं मात्र मूळचाच होता.

"तुमी बघत न्हवता?" ठकू किंचाळली.

"सगळं बघितलं गं," म्हाळू म्हणाला. "आधी घंटी गेली."

गुरुवारी ठकूनं कामावर अर्ध्या दिवसाची सुट्टी सांगितली आणि स्वतः रुईपेठेत गेली. बाजीबाच्या दारात उभी राहून ती त्याच्या आईदेखत जे बोलली, ते मी इथं सांगू शकत नाही. पण ती घंटी आणि सीट घेऊन परत आली, आणि बाजीबा दोन दिवस दुकान उघडायला बाहेर आला नाही. येताना तिला रडू फुटलं. जत्रा तीन दिवसांवर, तीन मिस्त्री संपले, आणि आई तिकडं दिवस मोजत बसलेली.

रात्रीच्या भाकऱ्या थापताना ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "माणूस असा वरनं कळतो व्हय? ट्यूबचं भोक तरी वरनं दिसतं का? पाण्यात धरल्यावर बुडबुडे येत्यात, तवा कळतं. माणसाचं बी तसंच. जरा पारखून घ्यावं."

ती हे म्हाळूला सांगत नव्हती. पण म्हाळू ऐकत होता.

"ध्यानात ठेवतो," तो म्हणाला.

शुक्रवारी तो चौथ्या मिस्त्रीकडं गेला. दस्तगीर मिस्त्री. ओढ्याकाठी चिंचेखाली त्याचं दुकान. साठीतला माणूस, कमी बोलायचा. समोर पाण्यानं भरलेलं घमेलं. त्यात ट्यूब बुडवून तो भोक शोधायचा. म्हाळूनं घमेलं बघितलं आणि त्याचा चेहरा खुलला. सगळी सोय होती.

"मिस्तरी, जरा वाकता का?"

दस्तगीरला वाटलं, गडी चाकाखालचं काही दाखवतोय. तो वाकला. म्हाळूनं त्याची मान धरली आणि घमेल्यात बुडवली.

बुडबुडे आले.

"हाय!" म्हाळू ओरडला. "भोक हाय!"

त्यानं दस्तगीरला वर काढलं. "अरे, तुझ्या..." एवढंच दस्तगीर म्हणाला, कारण म्हाळूनं त्याला पुन्हा बुडवलं. भोक आहे एवढं कळून भागत नाही. नेमकं कुठं आहे ते बघावं लागतं. दोन नाकात होती आणि एक तोंडात. एकूण तीन. म्हाळूनं जागा लक्षात ठेवल्या, दस्तगीरला वर काढलं आणि फडक्यानं त्याचं तोंड कोरडं पुसलं. मग काचकागदाचा तुकडा उचलला. गणू मिस्त्री असंच करायचा. आधी घासायचं, मग सोल्युशन लावायचं, मग तुकडा चिकटवायचा.

काचकागद नाकाजवळ आला तसा दस्तगीर उठला आणि साठ वर्षांचा माणूस एका उडीत ओढ्यापलीकडं गेला.

"अवं मिस्तरी, थांबा! तीनच हायत!"

दस्तगीर पलीकडच्या काठावर धापा टाकत उभा राहिला. "कुणी शिकवलं रे तुला हे?"

"बायकोनं."

"काय म्हणाली ती?"

म्हाळूनं शब्दाला शब्द सांगितलं. एक शब्द इकडचा तिकडं केला नाही. दस्तगीर ऐकत राहिला. मग दगडावर बसला. मग हसायला लागला. दाढीतलं पाणी गळत होतं आणि हा पोट धरून हसत होता.

"सायकल ठेव तिथं," तो शेवटी म्हणाला. "आन जा घरी. रविवारी सकाळी ये. बायकोला घेऊन ये. ऐकलंस? एकटा येऊ नको बाबा."

म्हाळूनं घरी येऊन हे सांगितल्यावर ठकूनं कपाळावर हात मारून घेतला. पण या खेपेला तिनं त्याला काहीच शिकवलं नाही. आठवडाभरात ती शहाणी झाली होती.

रविवारी पहाटेच दोघं चालत रुईपेठेत पोचली. ठकूनं नवं हिरवं लुगडं नेसलं होतं. गाठोड्यात आईसाठी शेंगदाण्याचे लाडू होते. दस्तगीरला बघताच ती लाजेनं अर्धी झाली.

"मिस्तरी, माफी करा. आमचं हे..."

"असू दे बेटी. डोळं लई दिसानी असं साफ धुऊन निघालं," दस्तगीर म्हणाला आणि त्यानं सायकल पुढं आणली. "चेन बदलायची गरज न्हवती. एकच कडी ढिली होती. ट्यूब दोन जागी चिकटवली. कुरतडलेल्या सीटला चामडं शिवलं. कुईं करत होतं ते पायडलमधलं छर्रे. तेवढं बदललं. हे तुमचं जुनं." आणि त्यानं कागदाची पुडी ठकूच्या हातावर ठेवली. आत झिजलेले छर्रे होते, बारक्या लोखंडी गोळ्या.

काढलेला पार्ट परत देणारा मिस्त्री ठकूनं जन्मात बघितला नव्हता. ती पुडीकडं बघत राहिली. "हाच तो माणूस," ती म्हाळूला म्हणाली. "विश्वासाचा."

तेवढ्यात दस्तगीरच्या बायकोनं, अमिनाभाभीनं, तिला आतून चहाला हाक मारली. ठकू आत गेली. इथं चुकलं.

दस्तगीर पाना पुसत होता. कुठलाही मिस्त्री काम झाल्यावर म्हणतो तेच तो म्हणाला, "एक चक्कर मारून ये."

"कुठवर?" म्हाळूनं विचारलं.

"कुठवर म्हणजे? आवाज आला की फीर माघारी."

"बरं," म्हाळू म्हणाला आणि निघाला.

ओढा ओलांडला. आवाज नाही. रुईपेठ मागं पडली. आवाज नाही. पायडल खाली जायचं, वर यायचं, आणि म्हाळूला कधी नव्हे ती पाखरं ऐकू येत होती. त्यानं हँडल घट्ट धरलं होतं, हातातनं सोडायचं नव्हतं. नजर सायकलीवरच होती. दोन कोस गेल्यावर त्याला शंका आली, आपलाच कान तेलानं बसला असेल. म्हणून त्यानं वाटेत चार माणसांना विचारलं, "का वो, आवाज येतोय का?" चौघंही म्हणाले, "न्हाई." मग तो बिनघोर झाला.

दुपारी बोरबन आलं. जत्रा भरली होती. पाळणा फिरत होता, ढोल वाजत होते. सासू भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती. नाना नवा फेटा बांधून वाटेवर उभे होते.

"जावई आलं!" कुणीतरी ओरडलं.

म्हाळू जवळ आला. आणि तसाच पुढं गेला.

नाना फेटा सावरत सायकलीबरोबर पळायला लागले. "अवं जावईबापू! आमची ठकू कुठाय?"

"मिस्तरीकडं!"

"आन तुमी कुठं निघालाय?"

"अजून ठरलं न्हाई!" म्हाळू म्हणाला आणि जत्रेतून पार झाला. सासूनं भाकरतुकडा धुरळ्यावरूनच ओवाळून टाकला.

बोरबनच्या पुढं घाट लागतो. घाटाच्या खाली कोकण. घाटात पायडलही मारावं लागलं नाही.

इकडं चहा पिऊन ठकू बाहेर आली. "हे कुठं गेलं?"

"चक्कर मारायला," दस्तगीर म्हणाला.

ठकू वाटेपर्यंत पळत जाऊन आली. "तुमी काय म्हणालात त्यांना? नेमकं सांगा."

दस्तगीरनं नेमकं सांगितलं. ठकू गाठोडं घेऊन होती तिथंच खाली बसली.

"मिस्तरी," ती म्हणाली, "काम जरा बिघडवून तरी ठेवायचं होतं की वो!"

दुपार कलताना नाना कुणाची तरी जीप घेऊन, एकेका मिस्त्रीकडं विचारत, तिला न्यायला आले. ठकूला जत्रा मिळाली. आईबरोबर ती पाळण्यात बसली. पाळणा वर गेला तशी आईनं भिऊन डोळे मिटले, आणि ठकूनं मात्र डोळे फाडून घाटाच्या वाटेकडं बघितलं. वाट रिकामी होती. "खुळं हाय गं ते," ती आईला म्हणाली, "पन माझं हाय." आणि एवढ्या वर जाऊन ढसाढसा रडली. पाळणेवाल्यालाही वाईट वाटलं. त्यानं दोन फेऱ्या जास्त दिल्या.

दुसऱ्या दिवसापासून ती रोज दस्तगीरच्या चिंचेखाली येऊन बसायला लागली.

तिसऱ्या दिवशी म्हाळूचा रस्ता संपला. पुढं वाळू होती आणि वाळूपुढं पाणी. एवढं पाणी म्हाळूनं एका जागी कधी बघितलं नव्हतं. काठावर हिरा नावाची एक कोळीण सुकी मासळी टोपलीत भरत होती.

"काय रे बाबा, कुठं निघालास?"

"चक्कर मारतोय, मावशी. आवाज आला की फिरायचं हाय. पन आवाजच येत न्हाई."

हिरानं आधी त्याच्याकडं बघितलं, मग सायकलीकडं. मडगार्डवर दस्तगीरनं रंगानं आपलं नाव आणि फोन नंबर लिहिला होता. तिनं कनवटीचा मोबाइल काढला, नंबर लावला आणि म्हाळूच्या कानाला दिला.

"मिस्तरी, म्हाळू बोलतोय."

"अरे, कुठं हायस तू!" पलीकडून दस्तगीर ओरडला.

"चक्करच मारतोय. लई ब्येस काम केलंय तुमी. अजून आवाज न्हाई. पन आता म्होरं पाणी हाय. काय करू?"

"अरे, तू आता..."

"तुमी काय बी बोलू नका!" मागून ठकूचा आवाज आला. "तुमच्या एका बोलण्यानं ते समुद्रापतूर गेलं. आता दुसरं काय म्हणालात तर? द्या हिकडं."

मग फोनमधून आवाज आला.

"कुईं."

आवाज थोडा ठकूसारखा होता, थोडा रडवेला होता. पण कुईं तो कुईंच.

"आला!" म्हाळूनं उडी मारली. "आवाज आला! फिरतो माघारी!"

ठकू तिकडं हसली असेल, मला खात्री आहे. तिला पुढचं दिसत नव्हतं. म्हाळूनं सायकल वळवली, आणि मग तो थांबला. विचार करायला लागला. आवाज सायकलीतून आला नव्हता. फोनमधून आला होता. म्हणजे बिघाड फोनमध्ये होता.

त्यानं मोबाइल समुद्रात धरला.

बुडबुडे आले.

"भोक हाय, मावशी!" म्हाळू आनंदानं म्हणाला.

हिरानं जी शिवी दिली ती दर्यापार गेली असेल. "मेल्या, माझा फोन! नीट करून दे आधी. फोन नीट झाल्याबिगर मी तुला सोडायची नाय!"

"काळजी करू नका," म्हाळू म्हणाला. "माझ्या वळखीचा एक मिस्तरी हाय. लई विश्वासाचा. पन तुमी फोन हातातनं सोडू नका. मिस्त्री लोक पार्ट बदलत्यात. बसा मागं."

हिरा टोपली घेऊन कॅरिअरवर बसली.

घाट चढताना ती शिव्या देत उतरली आणि शिव्या देत सायकल ढकलू लागली. बोरबनात सासू पुन्हा भाकरतुकडा घेऊन धावली. तिनं कॅरिअरवर बघितलं, आणि भाकरतुकडा हातातून पडला. नाना ओट्यावर बसले आणि फेटा काढून त्यांनी गुडघ्यावर ठेवला. म्हाळू मान हलवून पुढं गेला.

सहाव्या दिवशी सकाळी ठकू चिंचेखाली बसली होती. तिला वाटेवर काळा ठिपका दिसला. ठिपक्याची सायकल झाली. ठकूला हुंदका आला. पदर तोंडाशी धरून ती उठली, चार पावलं पुढं गेली. तिच्या मनात काही राग उरला नव्हता. माणूस धड परत आला, एवढंच तिला पाहिजे होतं. दस्तगीरही हातातलं चाक सोडून उभा राहिला.

सायकल जवळ आली. पायडल फिरत होतं, चेन फिरत होती, कसलाही आवाज नव्हता. दस्तगीरला मनातून बरं वाटलं.

मग सायकल थोडी वळली आणि मागचं दिसलं. ठकूच्या जागेवर एक परकी बाई बसली होती. मांडीवर टोपली, हातात घट्ट धरलेला फोन, आणि ऐसपैस बसली होती.

"ठकू!" म्हाळू लांबूनच म्हणाला. "ह्यांना विश्वासाच्या माणसाकडं घेऊन आलोय!"

गेल्या आठवड्यातल्या सोमवारपासून ठकूनं जे जे गिळलं होतं, ते सगळं एकदम वर आलं.

"अवंऽऽऽऽ!"

चिंचेवरचे बगळे उडाले. घमेल्यातलं पाणी हिंदकळलं. आत अमिनाभाभीच्या हातून कप पडला.

आवाज आला होता. म्हाळूनं जागच्या जागी सायकल माघारी फिरवली, आणि कोळणीसकट घाटाची वाट धरली.